समोरच्या क्लबने सोडलेला खेळाडू घ्यावा का? बडोद्यातल्या फुटबॉल क्लबांसाठी तपासणीची पद्धत

हंगाम संपला की बडोद्याच्या मैदानांवर एकच बातमी फिरायला लागते: अमक्या क्लबने तमक्याला सोडला. पोलो ग्राउंडवरचा सकाळचा सराव आटोपून पोरं चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत ती सगळ्यांच्या कानावर गेलेली असते. दुपारी कमिटीतल्या कुणाचा तरी फोन येतो, "घेऊन टाकू या का? फुकटात मिळतोय."

फुकटात काहीच मिळत नाही. बदलीची रक्कम वाचते, एवढंच. मानधन, संघातली एक जागा, कोचचा वेळ आणि त्या जागेवर वाट बघत बसलेल्या आपल्याच पोराचा हंगाम, हे सगळं मोजावंच लागतं. म्हणून "कसा खेळतो?" हा प्रश्न मागे ठेवा. तो कसा खेळतो हे आपण त्याच्याविरुद्ध खेळताना पाहिलेलंच असतं. आधी विचारायचं ते हे: त्याला का सोडलं, आणि ते कारण त्याच्याबरोबर आपल्याकडे येणार, की तिथेच राहणार?

२०११ च्या उन्हाळ्यातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. इटलीतल्या एसी मिलानने मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लोचा करार संपू दिला. वय ३२, सरत्या हंगामात दुखापतींमुळे लीगचे जेमतेम १७ सामने. शिवाय बचावासमोरची त्याची हक्काची जागा कोच आलेग्रीने जास्त अंगमेहनतीच्या मिडफिल्डरांना दिली होती. त्याच लीगमधल्या युव्हेंटसने त्याला कसलीही रक्कम न देता घेतलं, संघाचा खेळ त्याच्या पायातून सुरू होईल अशी मांडणी केली, आणि पुढच्याच हंगामात तो ३८ पैकी ३७ लीग सामने खेळला. युव्हेंटस एकही सामना न हरता विजेते झाले. पिर्लो तिथे होता ती चारही वर्षं लीगचं विजेतेपद युव्हेंटसकडेच राहिलं. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडने मिडफिल्डर ओवेन हारग्रीव्ह्जला सोडलं. त्याची तक्रार गुडघ्यांची होती आणि ती वर्षानुवर्षं चाललेली होती. आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला त्याने व्यायामाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले. मँचेस्टर सिटीने ३१ ऑगस्टला त्याच्याशी एक वर्षाचा करार केला. त्या वर्षात तो प्रीमियर लीगचा एकच सामना खेळला.

खेळाडू दोघंही उच्च दर्जाचे, आणि दोघंही थेट प्रतिस्पर्ध्याकडे गेले. पिर्लोला सोडण्याचं मुख्य कारण मिलानच्या मांडणीत होतं, ते मिलानमध्येच राहिलं. हारग्रीव्ह्जचं कारण त्याच्या गुडघ्यात होतं, ते त्याच्याबरोबर गावातल्या दुसऱ्या क्लबात गेलं.

तिसरं उदाहरण आणखी स्पष्ट आहे. जून २०२१ मध्ये युरो स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानावर कोसळला. त्याच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवण्यात आलं. ते यंत्र घेऊन इटलीच्या लीगमध्ये खेळायला परवानगी नव्हती, म्हणून इंटर मिलानशी त्याचा करार डिसेंबरमध्ये परस्पर संमतीने संपला. इंग्लंडमध्ये तशी आडकाठी नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये ब्रेंटफर्डने त्याला घेतलं आणि फेब्रुवारीत तो मैदानावर होता. सोडण्याचं कारण इटलीच्या नियमात होतं, ते तिथेच राहिलं.

आधी कागद, मग मैदान

उत्साहात पहिली चूक इथेच होते. "सोडलंय" हे टपरीवरचं बोलणं झालं. तो खरंच मोकळा आहे का, हे कागदावर दिसलं पाहिजे.

खेळाडू व्यावसायिक नोंदणीचा असेल तर करार संपल्याचं पत्र मागा. त्यावर क्लब आणि खेळाडू दोघांच्या सह्या हव्यात, तारीख हवी, आणि येणं-देणं मिटल्याचं वाक्य हवं. तोंडी "जा" म्हटलेल्या खेळाडूचा करार चालूच असतो. आणि चालू करारातल्या खेळाडूशी बोलणी करायची तर फिफाचा नियम सरळ आहे: आधी त्याच्या क्लबला लेखी कळवायचं, आणि त्याचा करार संपायला ६ महिने किंवा त्याहून कमी उरले असतील तरच नवा करार करता येतो. पगार थकला म्हणून खेळाडू स्वतःच निघून आला असेल तर जास्त सावध राहा. दोन महिन्यांचं मानधन थकल्यावर त्याने क्लबला लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत दिली होती का, ते बघा. दिली नसेल तर करारभंगाचं लोढणं त्याच्या गळ्यात, आणि काही वेळा नव्या क्लबच्याही गळ्यात पडतं.

हे फक्त मोठ्यांचे प्रश्न आहेत असं समजू नका. २०२४ मध्ये बचावपटू अन्वर अली मोहन बागानकडून ईस्ट बंगालकडे आला, तेव्हा एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, खेळाडू दर्जा समितीने त्याच्यावर ४ महिन्यांची बंदी घातली. तो, त्याचा मूळ क्लब दिल्ली एफसी आणि ईस्ट बंगाल यांच्यावर मिळून १२.९० कोटी रुपयांची भरपाई लावली आणि दोन्ही क्लबांना दोन खिडक्यांपुरती (खिडकी म्हणजे खेळाडू नोंदवायची ठरलेली मुदत) नोंदणीबंदी केली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि समितीवर नव्याने सुनावणी घेण्याची वेळ आली. निकालात कोण बरोबर होतं हा वेगळा विषय. आपल्यासारख्या क्लबला असं एक प्रकरण नुसतं वकिलाच्या फीनेच झोपवेल.

मग एआयएफएफच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये, त्याची नोंद बघा. आपल्या क्लबच्या लॉगिनवाल्या माणसाला बसवा आणि तीन गोष्टी तपासा. नोंदणी अजून जुन्या क्लबच्या नावावर आहे का? तो व्यावसायिक म्हणून नोंदलेला आहे की हौशी म्हणून? या हंगामात तो किती क्लबांकडे नोंदला गेलाय? फिफाच्या नियमानुसार एका हंगामात जास्तीत जास्त ३ क्लबांकडे नोंदणी होते आणि अधिकृत सामने मात्र २ क्लबांकडूनच खेळता येतात. जानेवारीत आलेला खेळाडू ऑगस्टमध्ये एकीकडे आणि ऑक्टोबरमध्ये दुसरीकडे खेळून आला असेल, तर तुमच्याकडे तो फक्त सराव करेल. नोंदणीची खिडकी बंद झाली असली तरी, खिडकी बंद होण्याआधी ज्याचा करार संपलाय असा व्यावसायिक नंतरही नोंदता येऊ शकतो. पण ज्या स्पर्धेत खेळवायचंय तिच्या नियमावलीतली नोंदणीची शेवटची तारीख वेगळी असते. ती गुजरात स्टेट फुटबॉल असोसिएशनकडून लेखी विचारून घ्या. फोनवरचं "हो, चालेल" सामन्याच्या दिवशी कामाला येत नाही.

लाल कार्डाची उरलेली बंदीही खेळाडूबरोबर येते. तीही विचारा.

का सोडलं, हे कसं काढायचं

या कामाला घाई चालत नाही. चार माणसांशी बोला, आणि क्रम पाळा.

सगळ्यात आधी खेळाडूशी. त्याला एकट्याला बोलवा, कमिटीच्या पाच जणांसमोर बसवू नका. विचारा: "तुला सोडताना त्यांनी नेमकं काय सांगितलं? शब्द आठवतात का?" उत्तरापेक्षा ते कसं येतं तिकडे लक्ष द्या. "सरांना मी आवडत नव्हतो" हे कारण नव्हे, ती तक्रार आहे. "सर मला विंगवर खेळवत होते, माझा क्रॉस डाव्या पायाने पडत नाही, म्हणून दुसऱ्याला घेतलं" असं जो सांगतो त्याला स्वतःचा खेळ कळतो. असा खेळाडू शिकवता येतो.

मग त्याच्या आधीच्या कोचशी. इथे बरेच जण लाजतात, प्रतिस्पर्ध्याला काय विचारायचं म्हणून. बडोद्यातलं फुटबॉल छोटं आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि सरळ विचारलं तर बहुतेक कोच सरळ सांगतात. समजा खेळाडू राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू आहे. सुरुवात अशी करा:

"सर नमस्कार. तुमच्याकडचा राइट बॅक आमच्याकडे ट्रायलला येतोय. तुमच्या संघाचं काही विचारत नाही. एवढंच सांगा, तुमच्या जागी दुसरा क्लब असता, मांडणी वेगळी असती, तर तुम्ही त्याला ठेवला असता का?"

या प्रश्नाला "हो, का नाही" आलं तर कारण क्लबमध्ये होतं. क्षणभर शांतता आणि मग "पोरगा चांगला आहे हो..." आलं, तर पुढचा प्रश्न दुखापतीचा आणि त्याच्या पुढचा वागणुकीचा. कोच जे बोलेल ते कमिटीत नावानिशी सांगत फिरू नका. फिरवलंत तर पुढच्या वर्षी तुमचा फोन कुणी उचलणार नाही.

तिसरा माणूस किट सांभाळणारा किंवा मैदानाचा माळी. कोण लवकर येतं, हरल्यावर कोण बिब (सरावाची रंगीत बंडी) फेकतं, बर्फ मागायला रोज कोण येतं, हे त्याला पक्कं माहीत असतं. "रोज बर्फ" हे वैद्यकीय अहवालात कधी सापडत नाही. चौथा माणूस म्हणजे त्याच्या जागेवर त्याच्याशी स्पर्धा करणारा जुना सहकारी. तो भेटला तर उत्तम, नाही भेटला तरी अडत नाही.

आता कारणं. मानधन परवडत नव्हतं, कोच बदलला, मांडणी बदलली, त्याच जागेवर तीन खेळाडू झाले, ही सगळी क्लबच्या घरची कारणं. ती बिनघोर आहेत, फक्त खरी आहेत का तेवढं तपासा. पैसे परवडत नव्हते म्हणून सोडलं आणि त्याच आठवड्यात त्याच जागेवर जास्त मानधनाचा दुसरा घेतला, तर पैसे हे कारण नव्हतं.

वागणुकीचं कारण आलं की एक पायरी खाली उतरा. "सरावाला उशिरा यायचा" म्हणजे नक्की काय? मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत रात्रपाळी संपवून थेट मैदानावर येणारा पोरगा २० मिनिटं उशिरा आला तर ते वेळापत्रकाचं भांडण आहे, आणि तुमचा सराव संध्याकाळी असेल तर ते आपोआप मिटतं. घर दांडिया बाजारात, मैदान पाच मिनिटांवर, आणि तरीही उशीर, तर ते तुमच्याकडेही येणार. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकणारा असेल तर परीक्षेच्या आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या तारखा आधीच लिहून घ्या. कित्येकदा "सामन्याला दांडी मारली" या आरोपामागे दोन तारखांची टक्कर असते आणि ती कुणी आधी पाहिलेलीच नसते.

रेफ्रीला किंवा सहकाऱ्याला मारहाण, पैसे घेऊन सामना सोडल्याचा संशय, अशी कारणं असतील तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही. घेऊ नका.

आपल्या संघात तो बसतो का

चांगल्या खेळांचे तुकडे जोडलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ बाजूला ठेवा. निदान ५ पूर्ण सामने बघा: त्यातले २ हरलेले, १ भर उन्हातला, आणि जमलं तर १ तुमच्याविरुद्धचा. व्हिडिओ नसेल तर त्याला आधी प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन वेगवेगळ्या माणसांची टिपणं घ्या, आणि दोघांना एकमेकांचं टिपण दाखवू नका.

राइट बॅकचंच उदाहरण पुढे नेऊ. सेंटर बॅककडून त्याच्याकडे पास येतोय. चेंडू पायाशी पोचायच्या आधीच्या क्षणाला व्हिडिओ थांबवा आणि त्याचे खांदे बघा. पाठ साइडलाइनकडे आणि छाती मैदानाकडे उघडी असेल तर त्याला आतला मिडफिल्डर, पुढचा विंगर आणि समोरचा स्ट्रायकर असे तिन्ही दिसतायत. छाती पास देणाऱ्याकडेच असेल तर त्याला फक्त मागे पास देता येतो किंवा चेंडू बाहेर काढता येतो. असे २० प्रसंग मोजा. अर्ध्याहून जास्त वेळा अंग बंद असेल आणि तुमचा खेळ मागून पास रचत पुढे जाण्याचा असेल, तर समोरचा संघ त्याच्यावरच दाब टाकेल आणि ५ सामन्यांत ते सगळ्या गावाला कळेल. तुम्ही लांब चेंडूवर खेळत असाल तर हाच दोष फारसा नडत नाही.

दुसरं मोजायचं ते त्याच्या पुढच्या माणसाचं काम. जुन्या संघात त्याच्यापुढचा विंगर परत धावून मदत करत होता का? करत असेल तर "एकास एक मध्ये कधी हरत नाही" ही त्याची ख्याती अर्धी त्या विंगरची आहे. तुम्ही तीन बचावपटू आणि कडेने पुढे-मागे धावणारे दोन विंगबॅक घेऊन खेळता आणि त्याला सगळी बाजू एकट्याने सांभाळावी लागणार, तर ती ख्याती विसरून नव्याने तपासा.

दहा दिवसांची ट्रायल

एका सकाळच्या ट्रायलवर निर्णय घेऊ नका. पहिल्या दिवशी सगळेच जीव तोडून धावतात. दहा दिवस ठेवा आणि तारखा विचार करून निवडा. जानेवारीत उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दोन दिवसांत मैदानावर कुणी येत नाही. नवरात्रात तर रात्री दोनपर्यंत गरबा खेळून आलेल्या पायांची चाचणी घेऊन काहीच कळत नाही. मे-जूनमध्ये सराव सकाळी साडेसहाला सुरू करा. दहा वाजता घेतलेली धावण्याची चाचणी उन्हाची असते, खेळाडूची नव्हे.

ट्रायल सुरू व्हायच्या आधी एका पानावर लिहून सही घ्या: कालावधी, मानधन आहे की नाही, प्रवासखर्च, आणि ट्रायलमध्ये दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार. अपघात विमा उतरवलेला असेल तर फारच उत्तम. ही एक ओळ नसल्यामुळे होणारी भांडणं फार कडवट असतात.

पहिल्या तीन दिवसांत पूर्ण वेगाची धाव मुळीच नको. याचं कारण असं: सोडलेला खेळाडू महिना-दोन महिने एकटाच असतो. कमाटीबागेत सकाळी पाच-सहा किलोमीटर पळतो, दम टिकवतो. पण सरळ रेषेत सावकाश पळण्याने मांडीच्या मागच्या स्नायूला पूर्ण वेगाची सवय राहत नाही. मग ट्रायलच्या पहिल्या दिवशी कोच शिट्टी वाजवतो, पोरगा जीव खाऊन ३० मीटर सुटतो, आणि विसाव्या मीटरला मांडी धरून बसतो. खेळाडू वाईट ठरत नाही, चाचणीच चुकलेली असते. पहिल्या दिवशी अंदाजे ७० टक्के वेगाने ६ धावा, दुसऱ्या दिवशी चेंडूचा सराव आणि छोट्या मैदानावर ४ विरुद्ध ४, तिसऱ्या दिवशी ८५ टक्क्यांपर्यंत ४ ते ६ धावा, अशी चढण ठेवा.

चौथ्या दिवशी मोजमाप. त्याच जागेवरचे तुमचे दोन खेळाडू त्याच वेळी, त्याच मैदानावर बरोबर धावले पाहिजेत. पुस्तकातला आकडा आपल्या खडबडीत मैदानाला लागू पडत नाही, शेजारी धावणाऱ्याचा पडतो.

३० मीटरची धाव तीनदा घ्या, मध्ये ३ मिनिटं विश्रांती. हातातल्या स्टॉपवॉचवर दोन दशांश सेकंदाची चूक सहज होते आणि एवढ्या अंतरात तेवढाच फरक सगळं ठरवतो. मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने चित्रण करा, मोबाइल शेवटच्या रेषेच्या बरोबर समोर स्टँडवर ठेवा, सुरुवातीची हालचालही त्याच चौकटीत दिसेल इतका लांब ठेवा, आणि चित्रं मोजा.

मग वारंवार वेगाची चाचणी: २० मीटर जाऊन वळून २० मीटर परत, असे ४० मीटर, सहा वेळा, मध्ये २० सेकंद थांबून. सहा वेळांची बेरीज घ्या, तिला सर्वोत्तम वेळ गुणिले ६ ने भागा. समजा सर्वोत्तम ७.२ सेकंद आणि बेरीज ४५.४. तर ४५.४ भागिले ४३.२ म्हणजे १.०५, म्हणजे सुमारे ५ टक्के घसरण. तुमच्या खेळाडूंची घसरण ४ असेल आणि त्याची ५, तर तो दोन महिने एकटा होता हे लक्षात घेऊन सोडून द्या. त्याची ९ असेल तर त्याला सामन्याचा दम यायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ तुमच्या वेळापत्रकात आहे का ते बघा.

पाचवा दिवस विश्रांतीचा. सहा ते नऊ संघाबरोबरचा नेहमीचा सराव, आणि त्यात एक गोष्ट मुद्दाम करा: त्याच्या चुकीवर खेळ थांबवून सगळ्यांसमोर दुरुस्ती सांगा आणि पुढची दहा मिनिटं बघा. तीच चूक सुधारायचा प्रयत्न दिसतो का, की खांदे पडतात? दहाव्या दिवशी मित्रत्वाचा सामना, ६० मिनिटं, त्याच्या हक्काच्या जागेवर. ऐनवेळी दुसऱ्या जागी खेळवून "बघू जमतं का" असं करू नका. त्यातून काहीच कळत नाही.

वैद्यकीय तपासणी

हा भाग सही करण्याआधी उरकायचा. कारण फिफाच्या नियमात स्पष्ट आहे: करार वैद्यकीय तपासणीच्या निकालावर अवलंबून ठेवता येत नाही. सही केली आणि नंतर एमआरआय खराब आला, तर खेळाडू तुमचाच.

विश्रांत अवस्थेतला १२ लीडचा ईसीजी आणि हृदयाची इको, यात तडजोड नको, वय १८ असो वा ३०. घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालाय का, खेळताना कधी शुद्ध हरपलीये का, हे दोन प्रश्न डॉक्टरांनी विचारलेच पाहिजेत.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर तारीख विचारा. गुडघ्यातल्या पुढच्या क्रूशिएट लिगामेंटच्या (एसीएलच्या) शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांच्या आत पूर्ण खेळ म्हणजे पुन्हा फाटण्याचा धोका ओढवून घेणं. फक्त अहवालाचा कागद नको, एमआरआयची मूळ फिल्म किंवा सीडी मागा आणि आपल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. मग एका पायाची उडी: एका पायावर उभं राहून पुढे उडी, त्याच पायावर स्थिर उतरायचं, प्रत्येक पायाच्या तीन उड्या, सर्वात लांब धरायची. दुखऱ्या पायाची १.५२ मीटर आणि चांगल्या पायाची १.७५ मीटर असेल तर प्रमाण ८७ टक्के. ९० च्या खाली असेल तर थांबा. एक खाच मात्र लक्षात ठेवा: सहा महिने घरी बसलेल्याचे दोन्ही पाय सारखेच ढिले होतात आणि प्रमाण ९८ येतं. म्हणून उडीची लांबीही तुमच्या खेळाडूंशी ताडून बघा.

जांघेच्या दुखण्यासाठी सोपी तपासणी आहे. खेळाडू पाठीवर, पाय सरळ. फिजिओने आपला हात त्याच्या दोन्ही घोट्यांच्या मध्ये आडवा धरायचा आणि खेळाडूने ५ सेकंद जोरात दाबायचं. दुखणं शून्य ते दहामध्ये सांगायचं. २ पर्यंत ठीक, ३ ते ५ म्हणजे भार कमी ठेवा, ६ किंवा त्याहून जास्त म्हणजे आधी उपचार. ट्रायलच्या पहिल्या आणि दहाव्या दिवशी दोन्हीदा करा. पहिल्या दिवशी १ आणि दहाव्या दिवशी ५ आलं, तर तो रोज बर्फ का मागत होता हे कळलं.

करार आणि पहिला महिना

पहिला करार हंगामाच्या शेवटापर्यंत, पुढच्या वर्षाचा पर्याय लेखी. मूळ मानधन तुमच्या त्याच जागेवरच्या खेळाडूइतकंच ठेवा आणि फरक सामन्यांवर बांधा. उदाहरणार्थ, महिना १५ हजार मूळ आणि ४५ मिनिटांहून जास्त खेळलेल्या प्रत्येक सामन्याला ठरावीक रक्कम. गोलवर किंवा विजयावर मोठी रक्कम ठेवली की राइट बॅक पुढेच उभा राहायला लागतो. आणि "आणखी एक क्लब मागे लागलाय, आजच सही करा" असं कुणी एजंट म्हणाला तर त्याला शुभेच्छा द्या. दहा दिवस थांबू न देणारा खेळाडू बहुतेक वेळा काहीतरी दाखवायचं टाळत असतो.

सही करण्याआधी, ज्याची जागा धोक्यात येणार त्या आपल्या खेळाडूला कोचने स्वतः सांगावं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळू देऊ नये. हे पाच मिनिटांचं बोलणं टाळलं की ड्रेसिंग रूममध्ये दोन गट पडतात. मग नवा खेळाडू कितीही चांगला असो, पास त्याच्याकडे जात नाही.

खेळवण्याची चढण अशी ठेवा: पहिला सामना शेवटची २० ते ३० मिनिटं, दुसरा ४५, तिसरा ६०, मग पूर्ण. चार महिने पूर्ण सामना न खेळलेल्याला थेट ९० मिनिटं दिली तर तिसऱ्या आठवड्यात तो दवाखान्यात दिसेल.

जुन्या क्लबविरुद्धचा सामना लगेच असेल तर त्याला सुरुवातीला खेळवू नका. बदल्याच्या भरात खेळाडू नको तिथे टॅकल करतो आणि वीस मिनिटांत पिवळं कार्ड घेतो. "आमच्याविरुद्ध खेळायचं नाही" अशी अट जुन्या क्लबने सोडपत्रात घातली असेल तर ती तशीच मान्य करू नका. एका क्लबने दुसऱ्याच्या संघनिवडीत हात घालणं फिफाच्या नियमांविरुद्ध आहे, असोसिएशनकडे दाखवा. त्याच्याकडून जुन्या संघाच्या कॉर्नरच्या खुणा काढून घेण्यातही वेळ घालवू नका. समोरचा कोच त्या बदलणारच. त्याला विचारायचंच असेल तर हे विचारा: त्यांचा कोणता खेळाडू दमला की कोणत्या बाजूला सरकतो? सवयी आठवड्यात बदलत नाहीत.

मुलांच्या बाबतीत वेगळं माप

१६ वर्षांखालचा मुलगा "लहान चणीचा" म्हणून सोडला असेल तर वरची बरीच तपासणी बाजूला ठेवा. इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केनला आर्सेनलच्या अकादमीने लहानपणीच सोडलं होतं. तो पुढे टॉटनहॅमचा झाला आणि उत्तर लंडनच्या डर्बीत, म्हणजे याच दोन क्लबांमधल्या सामन्यांत, सर्वाधिक, १४ गोल त्याच्याच नावावर आहेत. मुलाचा जन्म वर्षाच्या कुठल्या महिन्यातला ते बघा. डिसेंबरचा मुलगा त्याच वयोगटातल्या जानेवारीच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षभराने लहान असतो. दर तीन महिन्यांनी उंची मोजून नोंदवा. उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याच्या खाली आणि टाचेला दुखतं, चेंडूवरचा ताबा सुटल्यासारखा वाटतो, आणि नेमकं त्याच महिन्यांत क्लब त्याला सोडतात. जन्मदाखला मूळ बघा. बोलणं आई-वडिलांसमोरच करा आणि शाळा सुटेल असं काही ठरवू नका.

नाही म्हणायचं असेल तर

ट्रायल संपल्यापासून ४८ तासांच्या आत कोचने स्वतः फोन करायचा. मेसेज नको, कमिटीतल्या कुणा तिसऱ्याकडून निरोप तर मुळीच नको. या पोराला एका वर्षात दुसऱ्यांदा नकार मिळतोय. कारण एकच सांगा, पण खरं सांगा: "वारंवार धावण्यात घसरण ९ टक्के आहे, आमचा हंगाम तीन आठवड्यांवर आहे, तेवढ्यात भरून निघणार नाही." मोजमापाचे आकडे त्याला लिहून द्या, ते त्याचे आहेत, पुढच्या क्लबात कामी येतील. उत्तरायणनंतर पुन्हा बघायची तयारी असेल तर तारीख सांगा, नसेल तर खोटी आशा देऊ नका. आणि एमआरआयच्या फिल्म कपाटात पडून राहतात, त्या त्याच दिवशी त्याच्या हातात परत द्या.